एक प्लेट, दोन चमचे

यमुना सिस्टरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भर रस्त्यात एका पाणीपुरीवाल्याची नखं कापत होती.

संध्याकाळी सहाचा सुमार असेल. खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकापासून पन्नासएक पावलांवर शिवलालची गाडी लागायची. पाणीपुरी, शेवपुरी आणि तव्यावर रगडा-पॅटिस. त्या दिवशी गाडीभोवती सात-आठ माणसं ताटकळत उभी होती आणि शिवलाल उजवा हात पुढे करून, मान खाली घालून उभा होता. त्याच्यासमोर एक उंच, सावळी, पांढऱ्या केसांची बाई होती. तिनं पर्समधून नेलकटर काढलं होतं. दहाही नखं कापून झाली, ती कागदाच्या पुडीत बांधून डब्यात गेली, शिवलालनं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, आणि मग ती बाई म्हणाली, "आता दे. रगडा. एक प्लेट, दोन चमचे."

मी शाळेत विज्ञान शिकवते. जंतूंचा धडा मी इतक्या वेळा शिकवला आहे की झोपेतही तोंडून येईल. त्यामुळे खरं तर मला त्या बाईचं कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. एक तर मी जन्मभर जे सांगून कुणी ऐकलं नाही ते या बाईनं एका नेलकटरनं करून दाखवलं होतं. दुसरं म्हणजे सगळं होईपर्यंत गाडीवरचा एकही माणूस कंटाळून निघून गेला नव्हता. माझ्या वर्गात तास संपायला पाच मिनिटं उरली की पोरं दप्तरं भरायला लागतात.

ही बाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायला आली आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे कागदपत्रं माझ्याकडेच आली. सरकारी दवाखान्यातली निवृत्त परिचारिका, एकटी, लग्न केलेलं नाही. मूळ गाव विमानतळाच्या जागेत गेलेलं. "आमचं सैपाकघर आता धावपट्टीत हाय," असं ती हसत सांगायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

आधीच सांगून टाकते, मी हे तिची आरती ओवाळायला लिहीत नाही. मी दोन वर्षं या बाईवर जळले. द्वेष नव्हे, जळणंच. द्वेष करायला समोरच्याचं काहीतरी वाईट दिसावं लागतं. मला तिचं सगळं चांगलंच दिसत होतं, आणि ते माझ्याकडे का नाही, एवढीच माझी तक्रार होती. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचे. मनात मात्र ती कायम "ती"च राहिली. आणि ती मला एकाच वाक्यात "बाई"ही म्हणायची आणि "तू"ही म्हणायची. तिच्या बोलीत "मला"चं "मना" व्हायचं.

एकदा जिन्यात मी तिला अडवलंच. म्हटलं, "सिस्टर, तुम्ही नर्स असून उघड्यावरचं खाता?"

ती पायरीवर बसली. गुडघे दुखायचे तिचे. म्हणाली, "बाई, जन्म वार्डात काढला मी. भायेरचं खाऊन आलेले पेशंट बघितले, आनि घरचं खाऊन आलेले पन बघितले. गाडीवर मी उभी ऱ्हाऊन बघते. पानी कुठनं आनलं, फडका कवा धुतला, नखं कशी हायत. तुझ्या सैपाकघरात मना अशी कोन उभी करील?"

मी घरी जाऊन आधी ओट्यावरचं फडकं बदललं. मग स्वतःचाच राग आला.

तिचे खाण्याचे नियम होते. पार्सल कधीच घ्यायचं नाही. "गाडीवरचं घरी नेलं की त्याचं मढं होतं," असं तिचं म्हणणं. बसून खायचं नाही. तवा दिसेल अशाच जागी उभं राहायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे एकटीनं खायचं नाही. सोबत कुणीतरी हवं आणि दोघांत प्लेट एकच हवी. भूक जास्त असली तर ती संपल्यावर दुसरी घ्यायची, पण तीही एकच. शिवलालनं सुरुवातीला दोन प्लेटा करून दिल्या तेव्हा तिनं एक परत केली.

"एकात भागेल का?" असं तिला कुणीतरी विचारलं होतं. ती म्हणाली, "भागायला थोडीच खातोय आपन."

या एका प्लेटीवर आमची सगळी इमारत एकेक करून तिच्याबरोबर जाऊन आली. दुसऱ्या मजल्यावरची नवी सून गेली. वॉचमन गेला. भावाशी बोलणं टाकलेले तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका गेले आणि चार दिवसांनी भावाच्या घरी चहाला गेले. मी इतकी वर्षं सेक्रेटरी. माझ्याकडे लोक येतात ते पाण्याची टाकी, पार्किंग आणि वरच्या मजल्यावरून टपकणाऱ्या कुंड्या घेऊन. माणसांच्या मनात काय चाललंय ते तळमजल्यावर जमा होत होतं, आणि तिथून ते कधी बाहेर पडत नव्हतं.

ती करायची काय, हे मी लांबून पुष्कळदा पाहिलंय. विशेष काहीच करायची नाही. पॅटिसची कुरकुरीत कड समोरच्याच्या बाजूला सरकवायची. समोरचा बोलायला लागला की त्याच्याकडे बघायची नाही, तव्याकडे बघायची. "मग?" असं कधी म्हणायची नाही. बोलणाऱ्याचा आवाज अडकला की शिवलालला म्हणायची, "सुकी पुरी दे रे एक," आणि तेवढ्यात त्या माणसाला नाक पुसायला वेळ मिळायचा. तिखटामुळे डोळ्यांत पाणी आलं की कशामुळे आलं हे कुणाला सांगावं लागत नाही.

मलाही तिनं बोलावलं होतं, एकदा नाही, पाच-सहा वेळा. "चल गो बाई, एक प्लेट." मी प्रत्येक वेळी पेपर तपासायचे आहेत म्हणून सांगितलं. आमचे सुधीरराव मात्र चोरून जाऊन यायचे, आणि शर्टावरची हिरवी चटणी मला दिसायची. मी त्यांना एकदा सरळच विचारलं, "मी घरी करते त्यात काय कमी असतं?"

"कमी काहीच नसतं गं. तुझं जास्त चांगलं असतं."

"मग?"

"तिथली मजा वेगळी आहे."

"वेगळी म्हणजे कशी?"

नवरा बिचारा विचार करत बसला, आणि शेवटी म्हणाला, "तिथं छान झालंय असं म्हणावं लागत नाही."

हे वाक्य मी बरेच दिवस चघळत होते. आता इथवर सगळं ठीक होतं. नवरा, काका, सून, कुणीही जावं, मला काय. खरं दुखणं सुरू झालं ते मुक्तापासून.

मुक्ता माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा वीस वर्षांची होती आणि खारघरच्या कॉलेजात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. लहानपणी ती शाळेतून आली की दप्तर न काढता तासभर बोलायची. कोण रडलं, कुणी कुणाचा डबा खाल्ला, बाईंची साडी कोणती होती, सगळं. मग कधीतरी हे बंद झालं. नक्की कधी, ते मला सांगता येणार नाही, कारण मी तेव्हा इतरांच्या मुलांचे पेपर तपासत होते. आता मी विचारायचे, "कसं चाललंय कॉलेज?" ती म्हणायची, "बरं." मी विचारायचे, "काय शिकवलं आज?" ती म्हणायची, "नेहमीचंच." मला एवढंच हवं होतं की तिनं एकदा आपणहून माझ्याशेजारी येऊन बसावं आणि "आई, ऐक ना" म्हणावं. यापेक्षा मोठं मागणं मी देवाकडेही कधी केलेलं नाही.

आणि एका संध्याकाळी शाळेतून येताना मी रिक्षातून उतरले, तर शिवलालच्या गाडीशी माझी मुलगी उभी. शेजारी सिस्टर. मध्ये एक प्लेट.

मुक्ता बोलत होती. हात हलवून, मान वळवून, घास तोंडात असताना बोलत होती. लहानपणी बोलायची तशीच. मी रस्त्याच्या या बाजूला उभ्या असलेल्या एका टेम्पोच्या आड गेले. मी, शाळेतल्या शिस्त समितीची प्रमुख, टेम्पोमागे लपून स्वतःच्या मुलीला बघत होते. मला शब्द एकही ऐकू येत नव्हता. एकदा ती मोठ्यानं हसली. मग तिनं ओढणीनं डोळे पुसले. सिस्टर तव्याकडे बघत होती. तिनं पॅटिसची कड मुक्ताकडे सरकवली. माझी वस्तू कुणीतरी माझ्यादेखत वापरतंय आणि माझ्यापेक्षा नीट वापरतंय, असं मला वाटलं.

टेम्पोवाला आला आणि त्यानं विचारलं, "मॅडम, काय हरवलंय का?" मी नाही म्हटलं आणि घरी गेले.

त्या रविवारी मी चंगच बांधला. पांढरे वाटाणे रात्री भिजत घातले. चिंचेची चटणी गाळून घेतली, बटाटे कुस्करले, कोथिंबीर तीन पाण्यांतून काढली. तवा तापवला. सुधीररावांना काहीतरी कारण काढून बाहेर पाठवलं. आणि मग मी तेच केलं, जे मला बघून बघून पाठ झालं होतं. टेबलावर एकच प्लेट ठेवली आणि तिच्यात दोन चमचे.

मुक्तानं मोबाइलवरून नजर वर केली आणि विचारलं, "आई, प्लेटा धुवायच्या राहिल्यात का?"

"नाही गं. म्हटलं, एकातच खाऊ."

ती माझ्याकडे बघत राहिली, आपण दुखणाईताकडे बघतो तशी. मग उठली, फडताळातून दुसरी प्लेट काढली, अर्धं तिच्यात घेतलं आणि म्हणाली, "छान झालंय." मी कड तिच्याकडे सरकवायला गेले होते, ती कड माझ्याच प्लेटीत राहिली. आणि मला गप्प बसवेना. मी विचारलं, "कॉलेज कसं चाललंय?"

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी स्वयंपाकघरात पोळ्या करत असताना ओट्यावरचा मोबाइल वाजला. मेसेज मुक्ताचा होता, आतल्या खोलीतून आलेला. "आई, मी मागच्या सेमचे दोन पेपर दिले नाहीत. हॉलतिकीट घेऊन गेले आणि बागेत बसून राहिले. मला हे जमत नाही. सॉरी. रागावू नकोस."

तव्यावरची पोळी काळी झाली. मी आत गेले. ती उशी पोटाशी धरून बसली होती. मी ओरडले नाही, हे माझं नशीब. पण आईनं अशा वेळी जे विचारावं त्यातलं मी काहीच विचारलं नाही. ती जेवली का, झोपते का, त्या बागेत दिवसभर काय करत होती, यातलं काही नाही. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "आणखी कुणाला माहीत आहे हे?"

ती म्हणाली, "सिस्टरना."

मी तशीच, पिठाच्या हातांनी, तीन मजले उतरून खाली गेले. सिस्टर दारात तांदूळ निवडत बसली होती.

"तुम्हाला दोन महिने माहीत होतं," मी म्हटलं. "एका इमारतीत राहतो आपण. रोज जिन्यात भेटता. मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं ना," ती म्हणाली. "रोज वाटलं. पन ती मना प्लेटीत बोलली. प्लेटीतलं प्लेटीतच ऱ्हातं, बाई. ते मी उचलून तुझ्या घरात आनलं असतं तर पोर परत कोनाजवळच बोलली नसती."

"मी आई आहे तिची!"

"म्हनून तर तुला भ्याली. मना कशाला भियील? ती पास झाली काय आनि नापास झाली काय, माझ्या घरात कोन जेवायचं थांबत नाय." मग ताट बाजूला ठेवून म्हणाली, "मी तिला एकच सांगत होते. आयेला सांग, आयेला सांग. आज सांगितलंन ना? झालं तर."

म्हणजे माझ्या मुलीनं मला सांगितलं तेही हिच्या सांगण्यावरून. मला वाटतं तिथंच काहीतरी माझ्या डोक्यात सरकलं. उरलीसुरली कसर महिन्याभरात भरून निघाली. मुक्तानं इंजिनियरिंग सोडलं आणि जाहीर केलं की तिला नर्सिंगला जायचंय. सुधीरराव म्हणाले, "उत्तम." मीही म्हटलं, "उत्तम." आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. माझ्या घरात वाढलेली, माझ्या हातचं खाल्लेली, विज्ञान माझ्याकडून शिकलेली मुलगी, आणि व्हायचंय काय, तर सिस्टर.

त्यानंतर मी जे केलं ते मला सुचलं याची मला लाज वाटते, आणि तेव्हा ते मला अगदी योग्य वाटलं याची जास्त वाटते. सोसायटीच्या सभेत फाटकाजवळच्या गाड्यांचा विषय कुणीतरी काढला होता. रहदारीला अडथळा, माश्या, खरकटं. एरवी असा विषय चहाबरोबर संपतो. मी तो संपू दिला नाही. त्या रात्री अर्ज लिहिला. आरोग्याचे धोके क्रमवार मांडले. खाली पहिली सही माझी केली. दहा-बारा सह्या गोळा केल्या आणि अर्ज नेऊन दिला. आठवड्याभरात पालिकेची गाडी आली आणि शिवलालची हातगाडी, तवा, पाण्याचं पिंप, सगळं घेऊन गेली. मी गॅलरीतून पाहत होते. शिवलालनं आरडाओरडा केला नाही. तो आधी गॅस बंद करायला धावला, कुणाला भाजू नये म्हणून.

गाडी सोडवून आणायला त्याच्याबरोबर कोण गेलं हे सांगायला नकोच. गुडघ्याला पट्टा बांधून सिस्टर तीन दिवस खेटे घालत होती. चौथ्या दिवसापासून शिवलाल कॉलनीच्या पलीकडच्या टोकाला, बागेच्या मागच्या गल्लीत उभा राहायला लागला. सिस्टर मुक्ताला घेऊन आता तिथं जायला लागली. आधी पन्नास पावलं होती, आता पंधरा मिनिटं चालत. म्हणजे माझ्या अर्जाचा परिणाम एवढाच झाला की दोघींना जाता-येता बोलायला अर्धा तास जास्त मिळाला.

अर्जाबद्दल सिस्टर मला एक अक्षर बोलली नाही. जिन्यात भेटली की पूर्वीसारखंच हसायची. मला वाटलं, तिला माहीतच नाही. माझा तेवढाच आधार होता.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं घर सोडायचं ठरवलं. पुतण्यानं उलव्याला जागा घेतली होती. त्याची दोन लहान मुलं, बायको नोकरीला जाणारी. "पोरांस्नी बघायला कोनी नाय, मी जाते," म्हणाली. मुक्ता तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. ती दोन दिवस नीट जेवली नाही. आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सिस्टर तीन मजले चढून वर आली. दारातच उभी राहिली, धाप लागलेली. "चल गो बाई. एक प्लेट. आता पेपर तपासायचे हायत म्हनू नको, सुट्टी हाय तुमाला."

माझ्याकडे खरंच दुसरं कारण नव्हतं. मी पायांत चपला घातल्या.

बागेमागच्या गल्लीत शिवलालनं मला पाहिलं आणि मी सिस्टरच्या मागे सरकले. तो मात्र खूश झाला. "आज मॅडम भी आयी! बसा... मतलब उभे राहा. तिखा कितना?" सिस्टर म्हणाली, "मधलं." त्यानं तव्यावर पॅटिस दाबलं, वर रगडा ओतला, कांदा, चटणी, शेव. एक प्लेट आणि दोन चमचे आमच्या मध्ये आले.

चव काय सांगू. माझ्या रगड्यापेक्षा चांगला नव्हता. वाटाणे जरा जास्त शिजलेले होते, चटणीत गूळ जास्त होता. पण तो तव्यावरून थेट आला होता, वाफ तोंडावर येत होती, आणि दोघींचे चमचे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून थांबून थांबून खावं लागत होतं. घरी मी पदार्थ वाढते आणि मग खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. आवडलं का, संपवलं का, आणखी घेतलं का. माझं बघणं संपल्याशिवाय कुणाचा घास उतरत नसेल. इथं कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. सुधीरराव जे म्हणाले होते ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

सिस्टरनं कड माझ्याकडे सरकवली.

मी काही ठरवून गेले नव्हते. शिवलाल पलीकडच्या गिऱ्हाइकांच्या पुऱ्या भरत होता. मी प्लेटीकडे बघत हळूच म्हटलं, "तो अर्ज मी लिहिला होता."

ती तव्याकडे बघत होती.

"पहिली सही माझी आहे. माश्यांसाठी नाही केली. मी तुमच्यावर जळते, सिस्टर. ती तुमच्याशी बोलते म्हणून. मला भीती वाटते की मी मेल्यावर तिला माझं फक्त स्वच्छ स्वयंपाकघर आठवेल."

"शिवलाल, सुकी पुरी दे रे एक," सिस्टर म्हणाली.

मी नाक पुसलं. शिवलाल परत गिऱ्हाइकांकडे वळल्यावर ती म्हणाली, "अर्ज तुझा हाय ते मना पयल्याच दिवशी समजलं. पालिकेत दाखवला मना. एवढं सुंदर अक्षर आपल्या बिल्डिंगीत कोनाचं हाय दुसऱ्याचं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू कुठं बोलत होतीस?" ती म्हणाली. "खा. थंड होतंय."

"मुक्ताला..."

"नाय. आनि यालाबी नाय. तुला सांगायचं तर तू सांग."

मी शिवलालला अजून सांगितलेलं नाही. मी त्याच्याकडे दर शनिवारी जाते, तो मला न विचारता मधलं तिखट करून देतो आणि माझी हिंमत होत नाही. मुक्तालाही मी काही सांगितलं नाही. सिस्टर उलव्याला गेली. मुक्ता तिला फोन करायची, दार लावून घेऊन करायची, आणि मी दाराबाहेरून जाताना पावलांचा आवाज होऊ नये म्हणून जपायचे. प्लेटीवर मन मोकळं झालं म्हणजे माणूस सुधारतो असं काही नसतं. मी पूर्वीइतकीच जळत होते.

सिस्टरला शेवटचं पाहिलं त्याला आता दोन महिने होतील. मुक्ता पहिल्या वर्षाला चांगल्या गुणांनी पास झाली आणि म्हणाली, "आई, सिस्टरना न कळवता जाऊ. पेढे घेऊन." मला तिनं बरोबर ये म्हटलं याचाच मला केवढा आनंद झाला. रविवारी दुपारी आम्ही उलव्याला गेलो. नवी नवी वसाहत, जिकडे बघावं तिकडे बांधकाम, सिमेंटची धूळ, पाण्याचे टँकर. पुतण्याच्या घरी गेलो तर त्याची बायको म्हणाली, "आत्या नाक्यावर गेल्यात. आता काय खाल्ल्याशिवाय येत नाहीत."

आम्ही नाक्यावर आलो. रस्त्याच्या पलीकडे तीन-चार गाड्या होत्या आणि शेवटच्या गाडीशी सिस्टर उभी होती. जरा वाकली होती, हातात काठी आली होती. तिच्याशेजारी एक मुलगी होती, मुक्ताच्याच वयाची. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, बगलेत पिवळं हेल्मेट. कुठल्या तरी साइटवर काम करणारी असावी. दोघींच्या मध्ये एक प्लेट होती. मुलगी बोलत होती आणि मनगटानं डोळे पुसत होती. सिस्टर तव्याकडे बघत होती.

मुक्ता रस्ता ओलांडायला निघालेली, थांबली.

"कोण आहे ती?" तिनं विचारलं.

तो आवाज मी ओळखला. टेम्पोच्या आड उभी असताना माझ्या मनात जो आवाज होता तोच होता.

"मला काय माहीत," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती. मीही समोरच बघत राहिले. मग ती म्हणाली, "आई, ऐक ना. मी वाईट आहे का गं? ती मुलगी रडतेय, आणि मला तिला तिथून ढकलून द्यावंसं वाटतंय."

माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं. असं म्हणू नये, तिचीही काही अडचण असेल, तू उद्याची नर्स आहेस. अख्खा तास घेता आला असता मला. मी तो गिळला.

"मलापण वाटतंय," मी म्हटलं.

"तुला?" तिनं वळून पाहिलं. "तुला का?"

"मला तर दोन वर्षं वाटतंय. आधी तू उभी होतीस तिथं."

तिला कळायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा असा काही बदलला की मला वाटलं, आता ही चिडणार. ती चिडली नाही. तिनं पेढ्यांचा पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि माझ्या दंडाला दंड लावून उभी राहिली. पलीकडे सिस्टरनं शेवटचा घास त्या मुलीच्या बाजूला सरकवला आणि गाडीवाल्याला काहीतरी सांगितलं. त्यानं सुकी पुरी दिली असणार.

"जायचं का पलीकडे?" मुक्तानं विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं. माझ्या मुलीनं एक गोष्ट सिस्टरच्या आधी मला सांगितली होती, आणि मला तिथून इतक्यात हलायचं नव्हतं.